किसणीवरची मोकळी जागा

“अक्का, देवळातली घंटा न्हाई ती. किसणी हाय.”

मी मान वर केली. उदगीरच्या चौबाऱ्यापासून दोन गल्ल्या आत, भांड्यांच्या दुकानात मी उभी होते आणि हातातली किसणी काउंटरच्या कडेवर ठण् ठण् वाजवून बघत होते. आमच्यात तशीच रीत आहे. तांब्या असो, घागर असो, वाजवून घ्यायची. आवाज बसका आला की खाली ठेवायची. मग किसणीलाच वेगळा न्याय कशाला?

“मला शिकवू नका,” मी म्हणाले. “अडोतीस वर्सं झाली, चूल सांभाळून राहिले.”

“म्हणूनच म्हणलं. चूल सांभाळणारीच्या हातात घंटा शोभत न्हाई.”

माणूस साठी ओलांडलेला. कपाळाला भस्माची तीन बोटं, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि डोकं असं चकचकीत की दुकानातल्या परातींना लाज वाटावी. ओठ गप्प होते, पण डोळे… डोळे हसत होते. मला हसणारी माणसं चालतात, हसणारे दुकानदार चालत नाहीत.

“किसणार काय हाय?” त्यांनी विचारलं.

“तुमचं डोकं.”

“ते गुळगुळीत हाय, अक्का. किसणीला धरणार न्हाई.”

आता खरं सांगते. हसू मलाही आलं होतं. पण मी ते गिळलं आणि पदर नीट केला. उजवा हात पदराखालीच राहू दिला.

त्या हातासाठीच तर आले होते.

दिवाळीपासून माझा उजवा अंगठा दगा देऊन राहिला होता. पीठ मळताना गळून जायचा, सांडशी धरली की थरथरायचा. गाजर किसताना तर किसणी निसटली आणि बोटाची साल निघाली. घरी सांगितलं, विळी लागली. कारण सून अंबिका… पोरगी गुणाची आहे, पण तिला कळलं असतं तर ती एकच वाक्य बोलली असती, “आत्या, आता तुम्ही बसा.” आणि मला बसायचं नव्हतं. मालक, मलप्पा, गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून रान मी बघितलं, पोराला मोठं केलं, त्याचं लग्न केलं. पण बसले कुठं? घरात एक चूलच उरली होती, जिथं माझ्या शब्दाशिवाय मीठ पडत नव्हतं. ती सुटली तर मी काय, ओसरीवरची उशी?

“नातीला चीजचा पराठा पाहिजे,” मी तुटक बोलले. “घरातली किसणी सासूबाईंच्या वेळची. चीजचा लगदा करते.”

“हां. चीज किसायचंय व्हय?” त्यांनी तीन किसण्या माझ्यापुढं मांडल्या. एक सपाट, एक दांड्याची, आणि एक उभी, चार तोंडाची, देवघरातल्या समईसारखी ताठ. “वाजवायचं न्हाई. बोटानं बघायचं. वरून खाली हळूच फिरवा. टोचलं की समजायचं, दात जागे हायत. गुळगुळीत लागलं की झोपलेत.”

मी डाव्या हाताचं बोट फिरवलं. टोचलं.

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. मग पदराकडं. मग चटकन नजर काढून किसणीकडं नेली, जणू काही बघितलंच नाही.

“ही उभीच न्या,” ते म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. “वरची मूठ सगळ्या पंज्यात बसते. खाली ताट ठेवायचं, दाबून उभी करायची. अंगठ्यावर भार येत न्हाई.”

माझे कान तापले. “माझ्या अंगठ्याला काय झालंय?”

“मी कुठं काय म्हणलो?”

“म्हणूच नका.”

“न्हाई म्हणत.” आणि परत ते डोळे! “नाव काय घालू?”

आमच्याकडं भांडं नावाशिवाय दुकानाच्या बाहेर पडत नाही. नाव कोरायचं मशीन तिथंच असतं. माझ्या घरात ताटापासून पळीपर्यंत सगळ्यांवर सासऱ्यांचं नाव, मालकांचं, नाहीतर पोराचं, श्रीशैलचं. पण तेव्हा मला तिथून निघायची घाई झाली होती. त्या माणसासमोर उभं राहिलं की हात कुठं ठेवावा कळेना.

“घाला काय घालायचं ते. माझी येळ जाऊन राहिली.”

“बरं. तुमचं नाव काय?”

“शिवकांता,” मी म्हणून गेले. वाटलं, सहज विचारतोय.

मशीन घुर्र झालं. किसणी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत आली. मी मागं न बघता निघाले. गल्लीच्या टोकाला मात्र बघितलं… ते चष्मा पुसत उभे होते.

*

घरी आल्यावर मी नातीला, ईश्वरीला, बोलावलं. आता बघ म्हणलं आजीची करामत. चीजची वडी हातात घेतली. किसणीची चार तोंडं बघितली आणि सगळ्यात बारीक, काट्याकाट्याचं तोंड निवडलं. बारीक ते चांगलं, हा माझा हिशेब. सुंठ बारीक, जायफळ बारीक, मग चीज का नको?

एक ओढ मारली, दुसरी मारली. खाली ताटात काही पडेना. सगळं चीज त्या काट्यांत जाऊन बसलं, भिंतीला गिलावा बसावा तसं.

“आजी, तू किसणीला लिंपून राहिलीस,” ईश्वरी खिदळली.

अंबिका आली, किसणी हातात घेतली आणि मुठीशेजारी बघत थांबली.

“आत्या… हे काय?”

“काय?”

“नुसतं ‘शिवकांता’. बाबांचं नाव न्हाई, आडनाव न्हाई. अन् पुढं एवढी जागा मोकळी.”

मी किसणी ओढून घेतली. खरंच होतं. रेखीव अक्षरात माझं नाव. एकटं. कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. आणि नावाच्या पुढं बोटभर जागा… कोरी, चकचकीत, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

“दुकानदार येडा हाय,” मी म्हणाले. “उद्या जाऊन बघते त्याच्याकडं.”

त्या दिवशी मला एका जागी बसवेना. डाळीचे डबे खालून वर मांडले, वरून परत खाली मांडले. ओसरीत गेले, अंगणात गेले, पाणी घातलेल्या तुळशीला परत पाणी घातलं. आणि प्रत्येक फेरीला स्वयंपाकघरात जाऊन त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. त्याच दुखऱ्या अंगठ्याला ती अक्षरं टोचत नव्हती.

*

“किसणी खराब निघाली,” मी दुकानात पाय ठेवताच सुनावलं.

“या. मी चहा सांगूनच ठेवलाय.”

“मी येणार, हे तुम्हाला काय माहीत?”

“तुमच्या हातात भांडण आर्धं ऱ्हात न्हाई, एवढं काल कळलं.” त्यांनी किसणी हातात घेतली, काट्यात अडकलेलं चीज बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. “ह्या तोंडानं किसलं?”

“मग?”

“हे जायफळाचं तोंड. चीजला हे…” त्यांनी किसणी फिरवली. मोठी भोकं, थेंबासारखी. “अन् घ्यायच्या आधी अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. आपल्याकडच्या हवेत ते लगेच मऊ पडतं. किसणीला तेलाचं एक बोट लावायचं. वरून खाली ओढायचं, जोर न्हाई करायचा. चीज काय दुष्मन हाय का तुमचं? हळू… असं.”

त्यांनी रिकाम्या हातानं ओढून दाखवलं. मनगट असं सैल, जणू कुणाच्या पाठीवरून हात फिरवतायत. मी दुसरीकडं बघितलं.

“धुताना आधी गार पाणी. गरम घातलं की चिकटून बसतं. अन् अजून एक.” ते थांबले. “शेवटचा तुकडा किसायचा न्हाई. बोट जातं. तो करणारीनं खायचा असतो.”

“हे कुणी सांगितलं?”

“मीच. आत्ता.”

चहा आला. मी उभ्यानंच घेतला. मग बशी खाली ठेवली आणि ज्यासाठी आले होते ते काढलं. “नावापुढं जागा का सोडली?”

“सवय हाय.”

“कुणाच्या भांड्यावर सोडता?”

बाहेर एक रिक्षा वाजत गेली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला.

“कुणाच्याच न्हाई,” ते म्हणाले.

मी पिशवी उचलली. पायरी उतरले आणि निम्मी गल्ली घराच्या उलट्या दिशेनं चालून गेले.

*

त्यांचं नाव चंद्रप्पा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. लेक महादेवी नांदेडला दिलेली. एवढं कळायला मला चार खेपा लागल्या. खेपा कशाच्या म्हणाल, तर चहाची गाळणी, मग पळी, मग अजून एक गाळणी, मग अजून एक.

“आत्या, आपल्याकडं आता तीन नव्या गाळण्या झाल्या,” अंबिका एकदा डोळे बारीक करून म्हणाली.

“चहात चोथा येऊन राहिलाय.”

“हाव. दर गुरुवारी येतो वाटतं.”

मी तिला दटावलं. पण आरशासमोर उभी राहिले तेव्हा लुगडं बदलावंसं वाटलं, आणि बदललंच नाही, रागानं. कुणावरच्या, विचारू नका.

मग एका गुरुवारी गेले तर दुकानातल्या अर्ध्या फळ्या रिकाम्या. खोकी बांधलेली.

“पुतण्याला देऊन राहिलो दुकान,” चंद्रप्पा म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते. “लेक ऐकंना. म्हणते, एकटे कशाला ऱ्हाता, नांदेडला या. येळवस झाली की निघायचं.”

येळवस, मार्गशीर्षातली रानात जेवायची अमावास्या, आठ दिवसांवर आली होती.

“बरं होईल,” मी म्हणाले. “लेकीचं घर हाय.”

“हां. बरं होईल.” मग बराच वेळ एका खोक्याची सुतळी बांधत राहिले. “अक्का…”

“अक्का म्हणू नका मला.”

शब्द तोंडातून गेल्यावर मीच दचकले. त्यांचे हात सुतळीवर थांबले.

“मग काय म्हणू?”

“काहीच म्हणू नका.”

“काहीच न म्हणता येळवशीचं बोलावणं कसं करायचं?” आवाज अगदी हळू झाला होता. “जळकोटच्या रस्त्याला माझं रान हाय. आंबील पुतण्याची बायको करती, पण सगळ्या भाज्यांची भज्जी मी करतो. या.”

हो म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला येऊन टेकलीसुद्धा. पण ही जीभ अकरा वर्षं फक्त नाही म्हणायला शिकलेली.

“माझं रान मला हाय,” मी म्हणाले आणि निघाले.

*

ते आठ दिवस घरात कुणाचं धड गेलं नाही. भाकरी करपली. श्रीशैलवर ओरडले, दुधवाल्यावर ओरडले. श्रीशैल एकदा घुटमळत म्हणाला, “आई, लोक बोलून राहिलेत…”

“लोकांना बोलू दे. त्यांच्या घरी गाळण्या नसतील.”

तो गाडी पुसायला गेला. माझ्या आतलं बोलणं मात्र थांबेना. आमच्यात बाईचं दुसरं लग्न झालेलं आहे, माझ्या मावशीचंच झालं होतं. म्हणजे अडचण लोकांची नव्हती. अडचण माझी होती. चंद्रप्पांनी माझा हात पहिल्या दिवशीच ओळखला. जो हात मी सगळ्या घरापासून लपवला, तो एका परक्या माणसाला दिसला. अशा माणसाच्या शेजारी बसायचं म्हणजे पदराखालचं सगळं बाहेर काढायचं… आणि ते मला जमत नव्हतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी भज्जीच्या भाज्या, बाजरीचे उंडे, खीर, सगळा रगाडा. ईश्वरीनं मध्येच चीजच्या पराठ्याचा हट्ट धरला. मी चीज बर्फाच्या कप्प्यातून काढलं, किसणीला तेलाचं बोट लावलं, ताटात उभी केली. मूठ पंज्यात धरून थेंबाच्या तोंडावरून वडी ओढली. सर्र… आणि ताटात पांढऱ्या-पिवळ्या धाग्यांचा ढीग पडला, मोकळा, हलका. जोर लागलाच नाही.

शेवटी बोटाच्या पेराएवढा तुकडा उरला. मी तो तोंडाकडं नेला… आणि नेता नेता थांबले. एका लहान डबीत ठेवला.

“आत्या,” मागून अंबिका. “आता तरी अंगठ्याला बरं हाय ना?”

मी गर्रकन वळले.

“मला दिवाळीपासून माहीत हाय,” ती म्हणाली. “नारळ मी आधीच फोडून ठेवते, ते काय उगाच? बरण्यांची झाकणं सैल करून ठेवते. तुम्हाला कळू दिलं न्हाई. तुम्ही चिडला असता.”

“अन् बस म्हणाली न्हाईस?”

“तुम्ही बसल्यावर मला शिव्या कोण देणार?” ती हसली, मग डबीकडं बघितलं. “उद्या त्यांच्या रानात जायचं न्हाई का?”

“मी न्हाई म्हणून आले.”

“येळवशीचं बोलावणं नाकारायचं नसतं. नवी नवरी होते तेव्हा तुम्हीच सांगितलं मला. वैऱ्याच्या रानातनं हाक आली तरी आंबील प्यायला जायचं.”

मी डबीचं झाकण घट्ट लावलं.

*

येळवशीला गाव रिकामं असतं आणि रान भरलेलं. आमच्या रानात कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा झाली, आंबिलीचं शिंपण झालं, पंगत उठली. मी चार उंडे फडक्यात बांधले.

“श्रीशैल, गाडी काढ.”

“कुठं?”

“जळकोटच्या रस्त्याला.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. अंबिकानं फक्त किल्ली त्याच्या हातात ठेवली. आम्ही वाटेला लागलो. करडईच्या हिरव्या रानातून थंड वारा येत होता, आणि पिशवीतली किसणी माझ्या मांडीला टोचत होती. बरंच झालं. निदान एका जागी बसले तरी.

चंद्रप्पांच्या कोपीसमोर पंगत संपलेली. पुतण्याची माणसं तुरीच्या पलीकडं शेंगा खात बसली होती. ते एकटेच कोपीच्या तोंडाशी, पुढ्यात भज्जीची वाटी, तशीच. मला बघून उठले, पण तोंडातून शब्द फुटेना. काय म्हणावं हेच ठरलेलं नव्हतं ना!

श्रीशैल गाडीपाशीच थांबला. पुतण्याच्या बायकोनं त्याला आंबिलीचा तांब्या नेऊन दिला, तो त्यानं घेतला. येळवशीला तेवढं तरी घ्यावंच लागतं.

“बसा,” चंद्रप्पा म्हणाले.

“बसायला न्हाई आले. भांडायला आले.” मी बसले. डबी काढून त्यांच्यापुढं ठेवली. “आधी हे खा.”

त्यांनी झाकण उघडलं. दुपारच्या उन्हानं चीज मऊ होऊन डबीला चिकटलं होतं. वासही जरा… पण त्या माणसानं ते ओळखलं.

“शेवटचा तुकडा?”

“किसला न्हाई.”

“तो करणारीनं खायचा असतो.”

“करणारी मी हाय. कुणाला द्यायचा, मी ठरवणार.”

त्यांनी बोटानं तो खरवडून खाल्ला. सगळा. सावकाश. तोवर मी फडकं उलगडलं, परत बांधलं, परत उलगडलं. मग पिशवीतून किसणी काढली.

“ही मोकळी जागा,” मी म्हणाले, “दीड महिना डोळ्यात खुपून राहिली. भरून टाका.”

ते किसणीकडं बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या वयात!

“मशीन दुकानात हाय. आज बाजार बंद.”

“मशीन नव्हतं तेव्हा लोक बिननावाची भांडी वापरत व्हते का?”

ते उठले. कोपीच्या मेढीतला एक खिळा उपसला, बांधावरचा एक गोटा आणला. “मारून घालायचे पूर्वी. टिंबं टिंबं. पण वाकडं निघतं.”

“निघू द्या.”

“काय घालू?”

“आधी ‘आणि’.”

“आणि?”

“हां. ‘आणि’. मी कुणाच्या नावाच्या पुढची न्हाई अन् मागची बी न्हाई. शेजारी बसायचं असंल तर मध्ये ‘आणि’ पाहिजे.”

आता त्यांचे ओठसुद्धा हसले. त्या हसण्यासाठी मी तीन गाळण्या घेतल्या होत्या.

“अन् नांदेडच्या लेकीला काय सांगू?”

“सांगा, एका गिऱ्हाइकाचं काम आर्धं राहिलंय.”

त्यांनी ‘आणि’ ठोकलं. टक टक टक, टिंबाला टिंब लागून. मग खिळा ठेवायला गेले, तर मी हात पुढं केला. उजवा. पदराबाहेर.

“पुढचं मी घालते.”

खिळा धरला आणि अंगठा लागला थरथरायला. लपवायला जागाच नव्हती. गोटा उचलला, पण खिळा एका जागी ठरेना, पत्र्यावरून सरकायला लागला. मी दात आवळले.

“शिवकांता,” ते म्हणाले. नुसतं तेवढंच. आणि माझ्या मनगटाखाली त्यांनी आपला तळवा धरला, गार, खरखरीत. जोर अजिबात नाही. खिळा थांबला. अंगठाही थांबला.

टक.

“हळू,” ते पुटपुटले. “दुष्मन न्हाई ते.”

टक. टक. ‘चं’ झाला, वाकडा, मान तिरकी करून बसलेल्या माणसासारखा. वरचं टिंब तर पार मुठीला जाऊन भिडलं.

“आई!” गाडीपाशी उभ्या श्रीशैलनं हाक मारली. रागावलेला नव्हता, अवघडलेला होता. “निघायचं का? उन्हं कलून राहिली.”

मी हात सोडवून घेतला नाही. मानही वर केली नाही.

“थांब जरा,” मी ओरडले. “यांचं नाव लई लांब हाय.”